जेद्दाहचा दाखला नागपूरला कशाला?

नागपूरच्या मुसलमान घरांत धर्मावरून वाद निघाला की सौदी अरेबियाचा दाखला हटकून येतो. "तिकडे असं चालत नाही," एवढं कुणी म्हटलं की समोरचा गप्प बसतो. पक्की कबर, मिलाद (पैगंबर-जयंती), उरूस, कव्वाली, लग्नातली ढोलक, सगळ्याला हेच एक माप. माझं घर नागपूरच्या मोमिनपुऱ्यात आणि नोकरी सौदीतल्या जेद्दाहमध्ये, त्यामुळे असा दाखला द्यायला अनेकदा मलाच पुढे केलं जातं. कव्वाली, ढोलक आणि शायरी हराम म्हणून बंद करायचं सध्या आमच्याकडे जे चाललंय, ते ऐकल्यावर मात्र मला हा दाखला द्यायचा नाही. का, ते सविस्तर लिहितो.

मी इथे आलो तेव्हा या देशात थिएटर नव्हतं. हॉटेलात गाणी लागत नसत. भर बाजारात एखाद्या दुकानदाराने रेडिओवर गाणं लावलं तर येणारा-जाणारा त्याला बंद करायला सांगे आणि तो करी. २०१६ साली सरकारने मनोरंजनासाठी स्वतंत्र प्राधिकरण काढलं. २०१८ मध्ये ३५ हून अधिक वर्षांनी सिनेमागृहं उघडली. २०१९ च्या डिसेंबरपासून रियाधला रात्र-रात्र चालणारा मोठा संगीत महोत्सव भरू लागला. २०२३ हे साल तर सरकारने 'अरबी कवितेचं वर्ष' म्हणूनच जाहीर केलं होतं.

हे सांगितलं की नागपूरचे दोस्त दोन प्रकारे बोलतात. काही खूश होतात: बघा, आता सौदीतही चालतं, मग आपल्याकडे का नाही? काही चिडतात: तिथले राज्यकर्ते बिघडले, त्यांचं काय घेऊन बसलात! दोघांनीही अजून माप जेद्दाहचंच धरलंय. राजाच्या एका फर्मानाने जे बंद होतं आणि दुसऱ्या फर्मानाने जे सुरू होतं, ते त्या राज्याचं धोरण झालं. त्यावरून दीनचा मसला, म्हणजे धर्मातला प्रश्न, ठरत नाही. थिएटर बंद होती तेव्हा ती बंदी शरियतचा पुरावा नव्हती, आणि आज महोत्सव भरतो म्हणून तो संगीत हलाल असल्याचा फतवा होत नाही.

शिवाय 'तिकडे चालत नाही' हे कधी पूर्ण खरं नव्हतंच. मोहम्मद अब्दू हा सौदी गायक साठच्या दशकापासून गातोय आणि त्याची गाणी पाठ नसलेला माझ्या वयाचा सौदी सहकारी मला अजून भेटायचाय. नज्दमधला, म्हणजे रियाधच्या बाजूचा, अरदा हा नाच ढोलांवर, तलवारी हातात घेऊन, शायरीच्या ओळी म्हणत नाचला जातो. युनेस्कोच्या वारसा यादीत तो २०१५ साली गेला. आमच्या हिजाजचा, म्हणजे जेद्दाह-मक्केकडचा, मिजमार नाच २०१६ साली. मिजमार मी लग्नांत पाहिलाय. पांढऱ्या लांब कुर्त्यातल्या पुरुषांच्या दोन रांगा समोरासमोर उभ्या राहतात, टाळ्या वाजतात, एकजण ओळ म्हणतो आणि रांगा ती उचलतात. मग मधल्या मोकळ्या जागेत दोघे-दोघे उतरून ढोलाच्या ठेक्यावर हातातली काठी गरागरा फिरवतात. इशाची (रात्रीची) नमाज जमातीने पढून आलेली पांढऱ्या दाढीची माणसं त्या रांगेत उभी असतात. हे दृश्य मोमिनपुऱ्यापर्यंत कधी पोचलंच नाही. नोकरी करून परतणाऱ्यांनी गावी काय नेलं, तर भाषणांच्या कॅसेट आणि 'तिकडे चालत नाही' हे वाक्य.

आता मूळ मसल्याकडे येतो, कारण कव्वालीची बाजू घेणारे आमच्यातले कित्येकजण तो टाळतात आणि ते मला पटत नाही.

विरोधकांची बाजू कच्ची नाही. सूरह लुकमानच्या सहाव्या आयतीत अल्लाहच्या मार्गापासून भटकवणाऱ्या वायफळ बोलण्याचा उल्लेख आहे, आणि त्याचा रोख गाण्यावर आहे असं इब्न मसऊद यांच्यासारख्या थोर सहाबींनी, म्हणजे पैगंबरांच्या सोबत्यांनी, सांगितलंय. सहीह बुखारी या संग्रहात पैगंबरांची हदीस (वचन) आहे की, माझ्या उम्मतमध्ये (अनुयायांमध्ये) असे लोक होतील जे रेशीम, दारू आणि वाद्यं हलाल ठरवतील. चारही मजहबांच्या (सुन्नी कायदेपरंपरांच्या) बहुतेक फकीहांनी (धर्मकायद्याच्या जाणकारांनी) तारांची आणि फुंकायची वाद्यं नाजायज मानलीत. हे नाकारून वाद घालणं अप्रामाणिकपणाचं आहे.

दुसरी बाजूही तितकीच जुनी. अंदलूसचे, म्हणजे मुसलमानी स्पेनमधले, इब्न हज्म (९९४–१०६४) यांनी बुखारीतल्या त्या हदीसची सांगणाऱ्यांची साखळी तुटलेली असल्याचा आक्षेप घेतला आणि संगीत हराम ठरवणारी एकही हदीस भक्कम नाही असं लिहिलं. पुढे इब्न हजर यांनी त्यांना उत्तर देऊन ती साखळी जोडून दाखवली. म्हणजे हा वाद आपल्या गल्लीत कालपरवा सुरू झालेला नाही. हजार वर्षं मोठमोठे आलिम (धर्मपंडित) एकमेकांना दलील देत आलेत. ईदच्या दिवशी पैगंबरांच्या पत्नी हजरत आयशांच्या घरी दोन मुली बुआसच्या लढाईची गाणी म्हणत होत्या. आयशांचे वडील हजरत अबू बक्र रागावले, तेव्हा पैगंबरांनी त्यांना अडवलं: गाऊ दे, प्रत्येक कौमची ईद असते, आज आपली आहे. हीसुद्धा बुखारीतलीच हदीस आहे.

इमाम गजाली (मृत्यू ११११) यांनी 'इह्या' या ग्रंथात समावर, म्हणजे सुफींच्या गाणं ऐकण्यावर, अख्खं प्रकरण लिहिलं. दारूच्या बैठकीची ओळख बनलेली वाद्यं त्यांनी नाकारली, पण गाणं म्हणून गाणं हराम मानलं नाही. त्यांनी जुनैद बगदादींचं म्हणणं दिलंय की समाला तीन गोष्टी लागतात: वेळ, जागा आणि सोबत. मला या तीन शब्दांत अख्खा मसला दिसतो. काय ऐकतोस याच्याबरोबर कधी, कुठे आणि कुणासंगे ऐकतोस हेही विचारलं जाणार आहे.

नागपूरला ताजबाग आहे, बाबा ताजुद्दीन यांचा दर्गा. बाबा ताजुद्दीन १८६१ साली कामठीत जन्मले. लोकांनी वेडा ठरवलं, काही वर्षं त्यांनी शहरातल्या पागलखान्यात काढली, आणि १९०८ साली राजे रघुजीराव भोसल्यांनी त्यांना सोडवून शक्करदऱ्याच्या आपल्या वाड्यात आणलं. १७ ऑगस्ट १९२५ रोजी ते गेले. मोहरमच्या २६ तारखेला उरूस भरतो, संदल निघतो, रात्री कव्वाली होते. ऐकायला येणाऱ्यांत महालातले, इतवारीतले, कामठीतले सगळे असतात. कोण कुठल्या धर्माचा, हे चादर चढवणाऱ्या हातांवरून ओळखू येत नाही.

या कव्वालीला होणारा विरोध 'बाहेरून' आलाय, असं आमच्यातले पुष्कळ लोक म्हणतात. ते पुरतं खरं नाही. ज्यांच्या नावाने आमच्याकडचे दर्गाहप्रेमी स्वतःला बरेलवी म्हणवतात, त्या मौलाना अहमद रजा खान (१८५६–१९२१) यांनीही मजामीरसह, म्हणजे वाद्यांवरची, कव्वाली नाजायजच म्हटलीय. दुसरीकडे चिश्ती सिलसिल्याने, म्हणजे सुफी परंपरेने, समा शतकानुशतकं जपला. ख्वाजा निजामुद्दीन यांना गियासुद्दीन तुघलकाच्या दरबारात आलिमांसमोर त्याचा जाब द्यावा लागला, तरी तो थांबला नाही. उरुसातला कव्वाल या सगळ्या भांडणाचा वारस आहे. त्याला एका व्हॉट्सॲप क्लिपच्या जोरावर मुशरिक (अल्लाहच्या बरोबरीने दुसऱ्याला पुजणारा) म्हणून मोकळं होणाऱ्या पोरांचा मला राग येतो. त्या पोरांनी त्या क्लिपच्या आधीचं काहीच वाचलेलं नसतं.

आता घरातली गोष्ट. आमच्या भाचीचं लग्न ठरलंय. रतजग्याला, म्हणजे लग्नघरच्या जागरणाला, ढोलक वाजणार नाही असं एका धाकट्या चुलतभावाने घरच्या ग्रुपवर जाहीर केलं, आणि खाला (मावशी) गप्प झाली. आमची खाला ढोलक मांडीखाली दाबून बसते, समोरची बाई चमच्याने लाकडावर टकटक ठेका धरते, आणि मग समधीणबाईंची जी काय खिल्ली उडते! खोलीत फक्त बाया आणि लेकरं असतात. दारू नाही, परका पुरुष नाही. निकाहाचा गाजावाजा करा, दफ (डफ) वाजवा, असं सांगणारी हदीस आहे. हजरत आयशांनी एका अन्सारी (मदीनेच्या मूळ रहिवाशांच्या) घरात नवरी पोचवली, तेव्हा पैगंबरांनी विचारलं होतं, काही गाणंबजावणं नव्हतं का तुमच्याकडे? अन्सारांना ते आवडतं. हे मी ग्रुपवर लिहिलं. भाऊ म्हणाला, "भाईजान, तुम मक्के के पास रहके ऐसा बोल रहे?" मी उत्तर दिलं की मक्केजवळच्या बायाही लग्नात दफ वाजवतात, ते मी माझ्या बायकोकडून ऐकतो, कारण पुरुषांना त्या हॉलमध्ये प्रवेश नसतो. पण समज असं नसतंच, तरी खालाची ढोलक तुझ्या हुकमाने बंद होत नाही. तुला नको असेल तर तू बाहेर बस. तुझ्या परहेजगारीबद्दल मला आदर आहे, मनापासून. ती दुसऱ्यावर लादायचा हक्क तुला कुणी दिला?

डीजेची बाब वेगळी. 'डीजे लावाल तर निकाह पढवणार नाही' असं म्हणणाऱ्या मौलानांच्या मी पूर्ण बाजूने आहे. रात्री एक वाजता गल्लीत भिंती हादरतात, आजारी म्हातारी माणसं कानात बोळे घालून पडतात, मुलीचा बाप त्या गाडीचं भाडं कर्ज काढून देतो. वेळ, जागा, सोबत, तिन्ही चुकलेलं. पण त्याच मौलानांनी डीजे आणि खालाची ढोलक एका रांगेत बसवली की त्यांचं म्हणणं कुणी ऐकेनासं होतं, आणि डीजे तसाच चालू राहतो.

बंदीचा भार कुणावर पडतो, तेही बघा. २०१३ साली काश्मीरमध्ये शाळकरी वयाच्या तीन मुलींचा 'प्रगाश' नावाचा बँड होता. तिथल्या बड्या मुफ्तींनी त्यांचं गाणं गैर-इस्लामी ठरवलं, समाजमाध्यमांवर धमक्या आल्या, मुलींनी बँड सोडला. गाणारे पुरुष त्या खोऱ्यात तेव्हाही होते आणि आजही आहेत.

नागपुरात याबद्दल बोलायला आणखी एक अडचण आहे. १९२३ साली मशिदीसमोरून वाजतगाजत जाणाऱ्या दिंड्यांवरून या शहरात मोठा वाद पेटला होता. तेव्हापासून 'मुसलमान आणि वाद्य' म्हटलं की लोकांना मिरवणूक आणि पोलीस बंदोबस्तच आठवतो. नमाजाच्या वेळी शांतता मागणं आणि संगीत हराम मानणं यांचा एकमेकांशी काही संबंध नाही. हे समजावत बसण्यापेक्षा आमच्यातले शहाणे लोक विषयच काढत नाहीत. त्या मौनात क्लिपवाल्यांचं फावतं.

मला सगळ्यात जास्त काळजी मात्र कवितेची वाटते. ओळखीतला एक मुलगा नागपूरला कॉलेजात शिकतो, मराठीत गझल लिहितो आणि वृत्तात चोख लिहितो. त्याला कुणीतरी ती हदीस ऐकवली: माणसाचं पोट कवितेने भरण्यापेक्षा पुवाने भरलेलं बरं. तेव्हापासून त्याने वही मिटलीय. हदीस सहीह आहे. पण त्याच बुखारीत 'काही कवितेत हिकमत (शहाणपण) असते' हेही पैगंबरांचंच वचन आहे, ते त्याला कुणी ऐकवलं नाही. कवी हस्सान बिन साबित यांच्यासाठी पैगंबरांच्या मशिदीत, मस्जिदे नबवीत, मिंबर (व्यासपीठ) मांडला जाई आणि ते त्यावर उभे राहून शेर म्हणत. कवी कअब बिन जुहैर पैगंबरांची माफी मागायला आले, त्यांनी कसीदा (स्तुतिकाव्य) म्हटला आणि पैगंबरांच्या अंगावरची चादर बक्षीस घेऊन गेले. एका प्रवासात पैगंबरांनी शरीद नावाच्या सहाबींना उमय्याचे शेर म्हणायला सांगितले, आणि आणखी, आणखी म्हणत शंभर शेर ऐकले. उमय्या तर इस्लाम न स्वीकारलेला कवी होता! सूरह शुअराच्या शेवटी कवींवर सक्त टीका आहे: ते दरीदरीत भटकतात, जे करत नाहीत ते बोलतात. आणि लगेच पुढच्या आयतीत अपवाद आहे: ईमान बाळगणारे, सत्कर्म करणारे, अल्लाहला आठवणारे आणि जुलूम झाल्यावर उत्तर देणारे. आमच्याकडे सांगणारे २२४ ते २२६ या आयती सांगतात आणि २२७ वर येण्याआधीच थांबतात.

मराठीत लिहिणारा मुसलमान हाही काही नवा नाही. श्रीगोंद्याचे शेख महंमद सतराव्या शतकात ओव्या-अभंग रचत होते. सगनभाऊ पेशवाईतले नावाजलेले शाहीर. अमर शेखांच्या डफावर संयुक्त महाराष्ट्र उभा राहिला. आणि गझल तर आपल्याकडून मराठीत गेलेली. ती ज्यांनी मराठीत रुजवली ते सुरेश भट नागपुरातच राहिले, २००३ साली नागपुरातच गेले, आणि रेशीमबागेतल्या सभागृहाला त्यांचं नाव आहे. त्या सभागृहापासून स्कूटरने थोड्याच अंतरावर राहणाऱ्या मुलाने गझल सोडावी, हे मला सहन होत नाही.

बेटा, तू हे वाचशील म्हणून लिहितो. वही उघड. जे तुला वाटत नाही ते लिहू नकोस, पुढाऱ्यांची खोटी तारीफ करू नकोस, आयतीतला आक्षेप तेवढ्यालाच आहे. नमाजाची वेळ शेरासाठी टाळू नकोस. आणि ती 'मोमिनपुऱ्याची सकाळ' रदीफची (शेराच्या शेवटी पुन्हा येणाऱ्या शब्दांची) गझल अर्धी राहिलीय, तिचे उरलेले शेर पुरे करून मला पाठव. शुक्रवारी इथे आम्ही मराठी लोक जमतो, तिथे मी ती वाचणार आहे.