हवेतले 94 टक्के जंतू मारणारा सेज कुठला?

‘रानटी सेजची पानं जाळली की हवेतले 94 टक्के जंतू मरतात. त्याचा अर्क प्रयोगशाळेत कर्करोगाच्या पेशी मारतो, विस्मरणावर तो गुणकारी ठरलाय आणि वनस्पतीच असल्यामुळे अपाय काहीच नाही.’ सेजबद्दलचा, म्हणजे साल्व्हिया कुळातल्या सुवासिक पानांच्या वनस्पतीबद्दलचा, हा मजकूर माझ्याकडे तिसऱ्यांदा आला, तेव्हा म्हटलं एकदाचं लिहून टाकू. यातलं सगळंच कुणाच्या मनातून आलेलं नाही, आणि खरी पंचाईत तीच आहे.

आधी ते 94 टक्के. हा आकडा 2007 साली प्रसिद्ध झालेल्या, लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेतल्या प्रयोगाचा आहे. बंद खोलीत तासभर धूर केल्यावर हवेतल्या जिवाणूंची संख्या 94 टक्क्यांहून अधिक घटली, अशी त्यात नोंद आहे. पण जाळलं काय होतं? हवनसामग्री! लाकूड आणि औषधी वनस्पतींचं मिश्रण. धुरीसाठी जाळतात त्या कॅलिफोर्नियातल्या पांढऱ्या सेजच्या जुड्यांची ती चाचणी नव्हतीच. आपल्याच होमाचा आकडा परक्या पाल्याला चिकटला आणि फिरून आपल्याच दारात आला. आणि धूर तो धूरच, कशाचाही केला तरी दमेकऱ्याला त्रास व्हायचा तो होतोच.

‘अर्कानं पेशी मरतात.’ मरतात की! बशीतल्या पेशी साबणाच्या पाण्यानंही मरतात. अर्क जंतूंना मारतो का, याची प्राथमिक चाचणीही अशीच साधी असते: अर्कात भिजवलेली कागदाची चकती जिवाणूंच्या थरावर ठेवायची आणि भोवती किती मोकळं वर्तुळ पडतं ते मोजायचं. अर्क स्पिरिटमध्ये काढला असेल, तर शेजारी नुसत्या स्पिरिटची चकतीही ठेवावी लागते, नाहीतर श्रेय कुणाचं ते कळणार कसं? त्यानंतर किमान किती मात्रेला वाढ थांबते ते पाहायचं, आणि मग खरा प्रश्न: तेवढी मात्रा पोटातून रक्तात पोचते का, आणि पोचली तर माणसाला सोसते का? बहुतेक अर्क इथेच गळतात.

अर्क कसा काढला यावरही सगळं फिरतं. चिनी शास्त्रज्ञ तू यूयू यांना 1971 मध्ये मलेरियावर चालणारा अर्क मिळाला, तो वनस्पती उकळून नव्हे, कमी तापमानाला ईथरमध्ये काढून. (ती वनस्पती आर्टेमिसिया, सेज नव्हे.) म्हणजे स्पिरिटमधल्या अर्काचा निकाल दाखवून घरच्या काढ्याची शिफारस करता येत नाही. त्यातच रानातल्या झाडातली तेलं ऋतूनुसार, जागेनुसार बदलतात. या झुडपाचा निकाल त्या झुडपाला लागू पडेलच असं नाही.

विस्मरणाचा मुद्दा त्यातल्या त्यात बरा. इराणमध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमरच्या रुग्णांवर 16 आठवड्यांची चाचणी झाली होती, 2003 साली ती प्रसिद्ध झाली, आणि अर्क घेणाऱ्या गटात आकलन सुधारलेलं दिसलं. पण रुग्ण मोजके होते आणि वनस्पती होती बागेतला नेहमीचा सेज, ठरावीक थेंबांत दिलेला. त्यावरून ‘रानटी सेज खा, स्मरणशक्ती वाढवा’ असं म्हणणं म्हणजे उडीच.

राहिला ‘अपाय नाही’ हा दावा. माझ्या लेखी सगळ्यांत घातक हाच. बागेतल्या सेजच्या तेलात थुजोन असतं. ते जास्त पोटात गेलं की झटके येतात. त्याच कुळातलं चिनी औषधी डानशेन वॉरफरीन या रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळीबरोबर घेतलं तर रक्तस्रावाचा धोका वाढतो. मेक्सिकोतल्या आणखी एका साल्व्हियामुळे चक्क भास होतात. साल्व्हियाच्या अशा नऊशेहून अधिक जाती आहेत, आणि संदेशात एकीचंही शास्त्रीय नाव नाही.

त्यात इंग्रजीत ‘वाइल्ड सेज’ म्हणतात ते झुडूप दरवेळी साल्व्हिया असतंच असं नाही. लँटानालाही हेच नाव आहे. लँटाना म्हणजे आपली घाणेरी, जिची पानं खाऊन गुरांचं यकृत बिघडतं.