ग्रीन टी आणि कॅन्सर: त्या मेसेजमधलं खरं किती?

आमच्या गुहागरच्या घरच्या ग्रुपवर आठवडाभर एकच मेसेज फिरतोय: 'ग्रीन टीतलं ईजीसीजी कॅन्सरच्या पेशी मारतं, हे सिद्ध झालंय. जपानी लोक रोज पितात, म्हणून त्यांना कॅन्सर होत नाही. कॅप्सूल घ्या, साइड इफेक्ट शून्य. केमो चालू असेल तर दुप्पट फायदा.' माझ्या काकूची केमो चालू आहे. हे वाचून तिने आगरातला गवती चहा दिवसातून चारदा उकळून प्यायला सुरुवात केली, म्हणून लिहायला बसले.

आधी तेच सांगते. गवती चहा म्हणजे ग्रीन टी नव्हे. ते गवत आहे, त्याचा वास सिट्राल नावाच्या द्रव्याचा. ईजीसीजी हे रसायन असतं ते चहाच्या झुडपाच्या पानात.

आता पेशींचं. त्या मरतात हे खोटं नाही, आणि म्हणूनच मेसेज पटतो. प्रयोगशाळेत बशीत वाढवलेल्या कॅन्सरच्या पेशींवर ईजीसीजी घातलं की त्यांची वाढ मंदावते, काही मरतातही. पण तिथे प्रमाण असतं बहुतेक वेळा 10 ते 100 मायक्रोमोलर (द्रावणात पदार्थ किती, ते मोजायचं माप). दोन-तीन कप प्यायल्यावर रक्तात पोचतं ते साधारण 1 मायक्रोमोलरच्याही खाली. आतड्यातून फार थोडं शोषलं जातं, त्यातल्या बऱ्याचशाचं यकृत रूप पालटतं, बाकीचं काही तासांत निघून जातं. शिवाय बशीतल्या द्रावणात ईजीसीजी मोडून हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होतं, पेशी मरण्यात त्याचाही हात असतो. आपल्या कोकमातलं गार्सिनॉलही बशीतल्या पेशी मारतं. तेवढ्यावरून सोलकढीला कॅन्सरचं औषध म्हणता येत नाही.

माणसांवरचे अभ्यासही झालेत. वैद्यकीय पुरावे तपासणाऱ्या कॉक्रेन या संस्थेच्या 2020 च्या आढाव्यात 142 अभ्यास आणि 11 लाखांच्या आसपास माणसं होती. ग्रीन टीने कॅन्सर टळतो असा ठाम पुरावा त्यातून निघाला नाही.

जपानचं तर सरळ खोटं आहे. तिथे 1981 पासून सर्वाधिक मृत्यू कॅन्सरनेच होतात.

कॅप्सूलबद्दल मात्र मला खरी काळजी वाटते. मुंबईहून चुलतभावाने काकूला एक बाटली पाठवली. लेबलवर 'ग्रीन टी अर्क 500 मिग्रॅ, दिवसातून दोन', आणि त्यात ईजीसीजी किती, ते कुठेच नाही. युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने 2018 मध्येच सांगितलंय की पूरक गोळ्यांतून दिवसाला 800 मिग्रॅ किंवा जास्त ईजीसीजी गेलं, तर यकृताला इजा झाल्याची लक्षणं रक्ततपासणीत दिसू लागतात. केमोची बरीच औषधं आधीच यकृतावर भार टाकत असतात.

आणि 'दुप्पट फायदा'? मायलोमा या रक्ताच्या कॅन्सरवर बॉर्टेझोमिब नावाचं औषध देतात. 2009 मध्ये पेशींवर आणि उंदरांवर दिसलं की ईजीसीजी त्यातल्या बोरॉनच्या भागाला चिकटतं आणि औषध निकामी करतं. काकूचं औषध वेगळं आहे, पण प्रत्येक औषधाशी याचं काय होतं हे घरबसल्या ठरवणारे आपण कोण?

काकूला म्हटलं, "अगो, कपभर गवती चहा चवीला घे, पण औषध म्हणून नको. आणि त्या गोळ्यांना हात लावू नकोस." बाटली आता तिच्या रिपोर्टांच्या पिशवीत आहे. पुढच्या खेपेला ती डॉक्टरांसमोर ठेवायची.