ब्रँड नको, मॉडेल सांगा

आपल्याला घड्याळांचा नाद आहे हे नातेवाइकांत एकदा कळलं की लग्नसराईत आणि निकालाच्या हंगामात फोन सुरू होतात. "जावयाला द्यायचंय, सीको चांगलं की सिटिझन?" "पोरगी बारावी झाली, कॅसिओ घेऊ की टायटन?" आता याला काय उत्तर देणार? ज्या कंपनीने जगातलं सगळ्यात भरवशाचं घड्याळ काढलं, तिनेच डोक्याला ताप ठरणारंही काढलेलं असतं. त्यामुळे मी ब्रँडवर बोलत नाही, मॉडेलवर बोलतो. दोनच गोष्टी बघतो. घड्याळ स्वतःबद्दल जे सांगतं ते खरं आहे का? आणि दहा वर्षांनी ते चालण्याची काही शक्यता आहे का? या दोन प्रश्नांत भलेभले आपटतात.

कॅसिओपासून सुरू करतो, कारण तिथे माझं मत सगळ्यात पक्कं आहे. एफ-९१डब्ल्यू. १९८९ साली आलं आणि अजून जवळपास जसंच्या तसं मिळतं. वजन २१ ग्रॅम, सेल सात वर्षं चालतो असं कंपनी सांगते, आणि महिन्याला जास्तीत जास्त ३० सेकंद मागेपुढे. म्हणजे दिवसाला एक सेकंद. रोलेक्स आपल्या घड्याळांसाठी दिवसाला दोन सेकंद मागेपुढेची हमी देते. हजार-दीड हजाराचं घड्याळ वेळ दाखवण्यात कित्येक लाखांच्या घड्याळाला मागे टाकतं, हे रोलेक्सवाल्या मित्राला एकदा सांगून बघा, चेहरा बघण्यासारखा होतो. दोष? आहे ना. दिवा. हिरवा, काजव्याएवढा, पडद्याची एक बाजू उजळते आणि दुसरी बाजू अंदाजाने वाचायची. शिवाय 'वॉटर रेझिस्ट' लिहिलंय म्हणून पोहायला घालून जाऊ नका, ते हात धुताना उडणाऱ्या शिंतोड्यांपुरतं आहे. नकली माल भरपूर आहे, म्हणून दुकानातच उजवीकडचं बटण तीन-चार सेकंद दाबून धरायचं. पडद्यावर कंपनीचं नाव उमटलं पाहिजे. नाही उमटलं तर दुकानदाराला नमस्कार करून निघायचं.

याच कॅसिओचं जी-शॉक. किकुओ इबे नावाच्या इंजिनिअरचं, वडिलांनी दिलेलं घड्याळ पडून फुटलं आणि त्यातून 'न फुटणारं घड्याळ' ही कल्पना निघाली. दोनशेच्या आसपास नमुने खिडकीतून खाली टाकून बघितल्यावर १९८३ मध्ये पहिलं जी-शॉक बाजारात आलं. त्या चौकोनी घराण्यातलं आजचं साधं डीडब्ल्यू-५६०० घ्या, डोळे झाकून घ्या. पण कॉलेजच्या पोरांच्या हातात दिसतं ते जीए-११०? ५१ मिलिमीटर रुंद, जवळजवळ १७ मिलिमीटर जाड. शर्टाची बाही त्यावरून खाली येत नाही. आणि त्यातलं काळ्यावर काळं डायल असलेलं घेतलं असेल तर वेळ बघायला मोबाइलच काढावा लागतो. मजबुतीत काही कमी नाही, तेही फुटत नाही. पण ज्यात वेळच वाचता येत नाही ते फुटलं काय आणि न फुटलं काय!

सीकोचं प्रकरण गुंतागुंतीचं आहे. या कंपनीबद्दल मला आदर आहे. २५ डिसेंबर १९६९ ला त्यांनी ॲस्ट्रॉन आणलं, जगातलं विक्रीला आलेलं पहिलं क्वार्ट्झ, म्हणजे सेलवर कंप पावणाऱ्या स्फटिकाने वेळ मोजणारं, मनगटी घड्याळ. किंमत साडेचार लाख येन, तेव्हा त्यात जपानमध्ये छोटी मोटार येत होती. पुढच्या दहा-पंधरा वर्षांत निम्म्याहून जास्त स्विस घड्याळ उद्योग त्या धक्क्याने आडवा झाला. त्याच सीकोने १९९६ मध्ये एसकेएक्स००७ काढलं. २०० मीटर पाण्यात चालणारं, पाण्यात बुडी मारणाऱ्या पाणबुड्यांच्या घड्याळांसाठीच्या आंतरराष्ट्रीय मानकात बसणारं, चार वाजण्याच्या जागी स्क्रूसारखी आवळायची चावी. आतलं ७एस२६ मशीन अगदी शेतकरी गडी. हात हलला की आपोआप चालतं, हाताने चावी देता येत नाही, वेळ लावताना सेकंदकाटा थांबत नाही, दिवसाला वीसेक सेकंद इकडेतिकडे होणं कंपनीच्याच हिशेबात बसतं. पण वर्षानुवर्षं सर्व्हिसिंग न करता चालणारी कित्येक पाहिली आहेत. आणि अंधारात चमकणारा रंग असा, की रात्री दोनला उठलात तरी वेळ दिसते.

मग २०१९ मध्ये ते बंद झालं आणि जवळपास तोच चेहरा घेऊन 'सीको ५ स्पोर्ट्स' आलं. मशीन सुधारलं, हे मान्य. चावी देता येते, सेकंदकाटा थांबतो. पण २०० चे १०० मीटर झाले आणि आवळायची चावी गेली. फिरणारी कड तशीच, जाड काटे तसेच, दिसायला पाणबुड्या, आणि काम ऑफिसातलं. वाईट घड्याळ म्हणणार नाही मी त्याला, पण सोंग आहे. त्यातून सीकोच्या स्वस्त घड्याळांत बाराची खूण आणि भोवतीची कड एका रेषेत न येणं ही जुनी तक्रार. एकदा दिसली की मग तीच दिसत राहते. दुकानात घड्याळ सरळ समोर धरून बघा आणि मगच पैसे द्या.

सीकोतलं खरं नापास म्हणजे सुरुवातीची कायनेटिक. हात हलला की वीज तयार होणार, सेल कधी बदलायचा नाही, अशी जाहिरात. पण ती वीज साठवणारा कपॅसिटर काही वर्षांनी जीव सोडायचा आणि घड्याळ काढून ठेवलं की सकाळपर्यंत बंद. कंपनीने पुढे तो भाग सुधारला, तरी जुनं कायनेटिक 'स्वस्तात मिळतंय' म्हणून कुणी दाखवलं तर हात मागे घ्या. उजेडावर चालणारं हवं असेल तर सिटिझनचं इको-ड्राइव्ह बघा, ती कंपनी १९७६ पासून या कामात आहे.

आता एचएमटी. इथे अनेकांचा गळा दाटून येतो, माझाही येतो, पण गळा बाजूला ठेवून बोलू. १९६१ मध्ये सिटिझनच्या सहकार्याने बंगळुरूत सुरू झालेला हा सरकारी कारखाना. जनता हे त्याचं सर्वोत्तम मॉडेल, असं मी म्हणतो. त्याच कारखान्याच्या 'पायलट' मॉडेलवाले भांडतील, भांडू देत. १७ ज्वेल्स, म्हणजे चाकांची झीज कमी करणारे मशीनमधले बारीक खडे, आणि रोज सकाळी चावी द्यायची. अंगठा आणि तर्जनीत चावी धरून फिरवत जायचं, कुरकुर आवाज येत राहतो, आणि जिथे घट्ट लागेल तिथे थांबायचं. जोर करायचा नाही. कुठल्याही तालुक्याच्या गावातला घड्याळवाला ते डोळ्याला भिंग लावून खोलू शकतो आणि सुटे भागही कुणाच्या ना कुणाच्या डबीत सापडतात. २०१६ मध्ये सरकारने घड्याळांची कंपनी बंद करायचा निर्णय घेतला, तेव्हा लोकांनी उरलेला माल वेड्यासारखा उचलला.

आणि तिथूनच एक धंदा बोकाळला. आज ऑनलाइन 'नवीकोरी' जनता, पायलट दिसतात. टोमॅटो लाल, मोरपंखी, पिवळं धमक डायल. यातली बरीचशी म्हणजे जुनी घड्याळं खोलून, डायल खरवडून, नवा रंग आणि नवी छपाई मारलेली. सीकोच्या जुन्या 'सीको ५' घड्याळांचं तर असं इतकं झालं, की परदेशातले संग्राहक या मालाला 'मुंबई स्पेशल' म्हणतात. अभिमान वाटावा असं नाव नाही. ओळखायचं कसं? भिंगातून छपाई बघा, अक्षरं जाड आणि फुगलेली दिसतात. मिनिटांच्या रेघा तासांच्या खुणांशी जुळत नाहीत. घड्याळाच्या बाहेरच्या धातूच्या डबीच्या कडा पॉलिश करून करून गोल झालेल्या असतात. सीकोत डायलच्या तळाशी बारीक कोड असतो, तो नसतो किंवा मागच्या झाकणावरच्या मशीनच्या नंबराशी जुळत नाही. हे काम करणाऱ्या कारागिरांवर माझा राग नाही, मेलेलं मशीन जिवंत करणं सोपं नसतं. 'रंग दिलेलं आहे' असं सांगून विका, मीच घेईन. 'ओरिजिनल, न वापरलेलं' म्हणून विकतात तिथे माझं डोकं फिरतं.

टायटनचं एज मात्र छातीठोकपणे सांगतो. २००२ सालचं, मशीन फक्त १.१५ मिलिमीटर जाड, अख्खं घड्याळ साडेतीन. होसूरच्या कारखान्यात झालेलं. त्याच घराचं ऑक्टेनमधलं जाडजूड, गर्दीचं डायल बघितलं की वाटतं, ज्यांना एवढं साधं जमतं त्यांनी हे का करावं? पण हे माझ्या आवडीचं झालं, ऑक्टेन खपतं.

परदेशी बड्या नावांबद्दल थोडक्यात, कारण आपल्यापैकी बहुतेकांना ती फक्त बघायचीच आहेत. रोलेक्समध्ये ३६ मिलिमीटरचं एक्सप्लोरर, त्यापुढे काही नाही. २०१६ चं एअर-किंग, मिनिटांचे आकडे, तासांचे आकडे, पिवळा मुकुट, हिरवं नाव, सगळं एकाच डायलवर. जत्रा. ओमेगाचं स्पीडमास्टर चंद्रावर जाऊन आलं. त्याची वरची काच ॲक्रिलिकची, ओरखडा पडला तर पेस्ट लावून घासून काढता येतो. उलट २०२२ मध्ये स्वॉचबरोबर काढलेल्या त्याच्या स्वस्त अवतारासाठी, मूनस्वॉचसाठी, लोकांनी रांगा लावल्या, आणि त्यातल्या निळ्या 'नेपच्यून'चा रंग मनगटाला लागतो अशा तक्रारी आल्या. २६० डॉलर देऊन निळं मनगट.

पण माझ्या हिशेबात सगळ्यात वाईट घड्याळ यातलं एकही नाही. ते ॲपलचं. २०१५ मध्ये १८ कॅरेट सोन्याचं वॉच एडिशन आलं, किंमत १० हजार डॉलरपासून १७ हजारांपर्यंत. २०१८ मध्ये नवं सॉफ्टवेअर आलं ते त्या पहिल्या पिढीला मिळालंच नाही. तीन वर्षं. सोनं राहिलं, घड्याळ संपलं.

आणि हो, जावयाला घेणाऱ्यांनो, मॉलमधल्या काचेत चमकणाऱ्या कपडे-अत्तरवाल्या ब्रँडच्या घड्याळांपासून दूर राहा. माझ्या मामेभावाला लग्नात असं एक मिळालं होतं. डायलवर तीन छोट्या तबकड्या, त्यातल्या दोन नुसत्या छापलेल्या, काटेही रंगवलेले. पहिल्या पावसाळ्यात मुलामा उडाला. त्या पैशात एक एज आलं असतं आणि वर लग्नाच्या फोटोतही बरं दिसलं असतं.