पाण्यात पाहणे

आमच्या घरात दीड महिना एक काचेची टाकी पाण्याने भरून उभी होती आणि मी रोज संध्याकाळी तिच्यासमोर खुर्ची टाकून बसत होतो. टाकीत मासा नव्हता. पाहुणे येत, टाकीभोवती चक्कर मारत, वाकून कोपरे धुंडाळत आणि शेवटी विचारत, "मासे कुठेयत?" मी म्हणे, "अजून पाणी तयार व्हायचंय." पाणी तयार होणं म्हणजे काय, हे विचारायचं धाडस दोघांनीच केलं. त्यांना मी सगळं सविस्तर सांगितलं. ते पुन्हा आले नाहीत.

गोड्या पाण्यात मासे ठेवणारा माणूस मासे पाळतो. खाऱ्या पाण्याच्या नादी लागलेला माणूस पाणी पाळतो. हे मला टाकी घरात आल्यावर कळलं.

नळाचं पाणी चालत नाही. त्यात क्लोरीन असतं, शिवाय फॉस्फेट आणि सिलिकेट असली तर शेवाळाची चंगळ होते. म्हणून आरओ-डीआय नावाचं यंत्र आणलं. ते पाणी इतकं गाळतं की विरघळलेले क्षार मोजणाऱ्या टीडीएस मीटरवर शून्य दिसतं. मुलीने त्याच मीटरने आमचं पिण्याचं पाणी मोजलं आणि पुढे दोन दिवस प्रत्येक पेल्याकडे संशयाने पाहिलं. यंत्राचा वेग मात्र सलाइनच्या बाटलीचा. टाकी 180 लिटरची. 'थेंबे थेंबे तळे साचे' ही म्हण ज्याने रचली, तोही रात्री असंच यंत्र चालू ठेवून झोपला असणार. रात्री अडीचला उठून पाय खाली टाकला तो थेट तळ्यात.

एवढं शुद्ध करून झाल्यावर त्यात आपणच लिटरमागे 35 ग्रॅम मीठ घालायचं.

"घरातलं मीठ नाही का चालत?" बायकोने विचारलं. नाही चालत. माशांना मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम असं सगळं असलेलं समुद्री मीठ लागतं. सहा किलोंच्या वर गेलं. शिवाय पाण्यात मीठ घालायचं असतं, मिठावर पाणी ओतायचं नसतं. मी पहिल्या बादलीत नेमकं उलटं केलं आणि खडू कालवल्यासारखं पांढरं पाणी तयार झालं. ते ओतून दिलं. कुठल्याही झाडालासुद्धा घालता येईना.

खारटपणा मोजायला हायड्रोमीटर असतो. त्यातला काटा 1.025 वर यायला हवा. माझा 1.030 वर गेला. घाबरून मी टाकीतलं वीस लिटर पाणी काढायला घेतलं. नळीचं एक टोक टाकीत, दुसरं तोंडात, आणि ओढला जोरात श्वास. नेमकं त्याच क्षणी बायकोने विचारलं, "अहो, आत्तापर्यंत एकूण खर्च किती झाला?" मिठाची गुळणी धरणं हा वाक्प्रचार मी शाळेत असताना वाक्यात उपयोग करून दाखवला होता. प्रत्यक्षात उपयोग करायची वेळ आत्ता आली. काढलेल्या पाण्याच्या जागी गोडं पाणी भरलं आणि मग लक्षात आलं, काट्याला बारीक बुडबुडे चिकटले होते. तेच त्याला वर उचलत होते. टिचकी मारून बुडबुडे उडवले तर काटा 1.022. म्हणजे आधीचं पाणी बरोबर होतं. मग पुन्हा मीठ.

तरी माझ्याकडे पंप तरी होता. 1846 साली ॲना थिन नावाच्या बाईंनी इंग्लंडमधल्या टॉर्कीच्या किनाऱ्यावरून प्रवाळ लंडनला आणले आणि घरात जगवले. पाण्यात हवा मिसळावी म्हणून त्यांची मोलकरीण रोज अर्धा-पाऊण तास ते पाणी उघड्या खिडकीपाशी या भांड्यातून त्या भांड्यात ओतत बसे. प्रवाळ तगले. नाव बाईंचं झालं. मोलकरणीचं नाव मला कुठेच सापडलं नाही, पण तिच्या खांदेदुखीची मी खात्री देतो.

वाळू टाकली तेव्हा दोन दिवस टाकीत धुकं होतं. ते विरलं, जिवंत खडक, म्हणजे जिवाणू आणि बारीक समुद्री जीव वस्तीला असलेले दगड, रचले, पंप घुसळू लागला आणि समुद्रमंथनाप्रमाणे आधी विषच वर आलं: अमोनिया. पण हे विष हवंच असतं. ते खाणारे जिवाणू वाढतात आणि त्याचं नायट्राइट करतात. मग नायट्राइट खाणारी दुसरी फौज उभी राहते आणि त्याचं नायट्रेट करते. नायट्रेट थोडं असलं तर मासे चालवून घेतात. या सगळ्याला चार ते सहा आठवडे लागतात. 'पी हळद, हो गोरी' इथे चालत नाही.

जिवाणूंना उपाशी ठेवायचं नाही, म्हणून रोज चिमूटभर माशांचं खाद्य रिकाम्या टाकीत टाकायचं. एकदा हे करताना शेजारच्या काकूंनी पाहिलं. चिमूट वर, नजर पाण्यात, आणि आत कोणी नाही. त्यांनी बायकोला हळूच बाजूला नेऊन काहीतरी विचारलं. बायको म्हणाली, "नाही हो, तसे बरे आहेत." त्या 'तसे'वर मी बराच विचार केला.

मग परीक्षानळी. पाच मिलिलिटर पाणी, मोजून थेंब, पाच मिनिटं थांबायचं आणि आलेला रंग तक्त्याशी जुळवायचा. पिवळा म्हणजे अमोनिया नाही, हिरवा म्हणजे आहे. मधल्या छटांवरून घरात दोन तट पडले. मला हिरवा दिसे. बायको म्हणे पोपटी. मुलगी नळी खिडकीशी नेऊन म्हणे, "बाबा, हा लिंबू कलर आहे." मी टाकीकडे पाहत होतो, आणि बायको मला पाण्यात पाहत होती.

चौथ्या आठवड्यात रात्री आवाज आला. टक्. काच तडकली! एक लिटर म्हणजे एक किलो, असे 180 किलो जमिनीवर येणार, या हिशेबाने मी टॉवेल, चादरी, सापडेल ते घेऊन धावलो. काच शाबूत. पुन्हा टक्. टॉर्च लावून पाहिलं तर खडकातून वीतभर केसाळ किडा निघून वाळूवर फिरत होता. मी ओरडलो, तो आत गेला. आवाज त्याचा नव्हता. खडकाबरोबर फुकट आलेली एक पिस्तूल कोळंबी आपली नांगी झटकून तो आवाज काढत होती. विक्रेता म्हणाला, "किडा चांगला आहे, उष्टं साफ करतो. फक्त हात लावू नका." महिनाभर पाळलेल्या पाण्यातून मला मिळालेली संतती ही.

शेवटी नळी लिंबू कलरच्याही पलीकडे, स्वच्छ पिवळी झाली. क्लाउनफिशची जोडी आणली, टाक्यांतच जन्मलेली. मी तासन्‌तास रचलेली खडकांची गुहा त्यांनी नाकारली आणि हीटरमागच्या कोपऱ्यात संसार थाटला. मुलीने बंडू आणि गुंडू अशी नावं ठेवली.

"नावं घाईत ठेवलीस," मी म्हणालो. "हे जन्मतः सगळे नर असतात. दोघांतला मोठा पुढे मादी होतो. मग परत नर होत नाही."

बायकोने पहिल्यांदाच खुर्ची टाकीजवळ ओढली. "आणि दुसरा?"

"तो नरच राहतो. अंडी सांभाळतो, तोंडाने साफ करतो, परांनी वारा घालतो. मादी अंगावर आली की थरथरत बाजूला होतो."

"हुशार मासे आहेत," ती म्हणाली. "बरं, त्या दिवशी मी खर्चाचं विचारलं होतं."

मी मिठाची गुळणी धरली. या वेळी नळी न लावता.