कुंपण नको म्हणणाऱ्या त्या मेसेजला उत्तर

"कुंपणावर खर्च करू नका, या घरगुती उपायांनी एकही जनावर परसबागेत फिरकणार नाही" असा एक मेसेज सगळीकडे फिरतोय. उपाय काय तर डांबरगोळ्या टाका, मिरची-लसणाचा स्प्रे मारा, कापलेले केस पसरा, जुन्या सीडी लटकवा, अल्ट्रासोनिक मशीन लावा, आणि फारच त्रास असेल तर तारेत घरातला करंट सोडा. लोक विश्वासाने हे करतात आणि जिवापाड जपलेली रोपं एका रात्रीत फस्त होतात, म्हणून एकेक मुद्दा घेऊया.

डांबरगोळ्या आधी, कारण त्या नुसत्या निरुपयोगी नाहीत, घातक आहेत. डांबरगोळी म्हणजे नॅप्थलीन या रसायनाची गोळी, ती बंद पेटीसाठी असते, तिथे वाफ कोंडून राहते म्हणून कसर मरते, उघड्यावर ती वाफ वाऱ्याबरोबर निघून जाते आणि जनावराला ढिम्म फरक पडत नाही. गोळी मात्र पडून राहते त्याच मातीत जिथली भाजी आपण खाणार. लहान मुलाने खडीसाखर समजून तोंडात टाकली तर रक्तातल्या लाल पेशी फुटायला लागतात, जी-सिक्स-पीडी (लाल पेशींना जपणारं एक एन्झाइम) जन्मतः कमी असलेल्या मुलांना तर जास्तच धोका. कृपा करून टाकल्या असतील तर वेचून काढा.

मिरचीचा स्प्रे अगदीच खोटा नाही. सस्तन प्राण्यांचं तोंड भाजतं, पण पक्ष्यांना मिरचीचा तिखटपणा जाणवतच नाही, त्यामुळे टोमॅटोला चोच मारणाऱ्यांवर उपयोग शून्य. पावसाने धुऊन जातो, नवीन फुटलेल्या पानावर नसतोच, सतत मारत राहावं लागतं. केस आणि सीडी यांचं फार बोलायला नको, नवखं आहे तोवर जनावर बिचकतं, मग सरावतं.

अल्ट्रासोनिक मशीनवर लोक सगळ्यात जास्त पैसे घालवतात म्हणून नीट सांगते. ही मशीन माणसाला ऐकू न येणारा, 20 किलोहर्ट्झच्या वरचा आवाज काढते, तो हवेत पटकन विरतो, पानं, भिंत काहीही मध्ये आलं की अडतो, पक्ष्यांना तर तो ऐकूच येत नाही आणि उंदीर काही दिवसांत सरावतात. अमेरिकेच्या फेडरल ट्रेड कमिशनने (ग्राहकांची फसवणूक रोखणारी सरकारी संस्था) 2001 मध्ये अशी मशीन बनवणाऱ्या-विकणाऱ्या 60 पेक्षा जास्त कंपन्यांना पत्रं पाठवून बजावलं होतं की दावे करताय तर शास्त्रीय पुरावा हवा. तरी अजून विकली जातायत!

मेसेजमध्ये मुळात एक प्रश्नच नाही की खातंय कोण? सकाळी रोपाजवळ खाली बसून कापलेला देठ बघा. सुरीने तिरका छाटल्यासारखा साफ असेल तर ससा. हरणाला वरचे पुढचे दात नसतात, ते पाला ओढून तोडतं, त्यामुळे टोक फाटकं, चिंध्या झाल्यासारखं दिसतं. माती नांगरल्यासारखी उलटी-पालटी असेल तर रानडुक्कर, फळावर बारीक दातांच्या जोडखुणा असतील तर उंदीर नाहीतर घूस.

हे कळलं की कुंपण कसलं हवं ते कळतं. सशाला इंचभर भोकांची, दोन-अडीच फूट उंच लोखंडी जाळी पुरते पण खालची कड वीतभर पुरून बाहेरच्या बाजूला दुमडायची, नाहीतर तो खालून उकरून येतो. हरणासाठी साधारण 8 फूट उंची लागते. उंदरासाठी भोक पाव इंचाचंच हवं. माकडांपुढे नुसती भिंत-जाळी चालत नाही, वरूनही बंद पिंजराच करावा लागतो, सगळ्या बागेला नाही जमलं तर निदान फळभाज्यांच्या वाफ्यांना करा. वरून टाकायची नायलॉनची जाळी ताणून बसवा आणि भोकातून करंगळी जाणार नाही अशी घ्या, सैल जाळीत साप, पक्षी अडकून तडफडून मरतात. आणि पिकलेलं फळ रात्रभर झाडावर ठेवू नका.

राहिला करंट. शेताच्या कुंपणाला लावतात ती झटका मशीन वेगळी, ती तारेत साधारण सेकंदाला एकदा क्षणभराचा ठोका देते आणि मधल्या वेळात जनावर तारेपासून सुटू शकतं. घरातला करंट सलग असतो, स्नायू आखडतात आणि हात तारेला चिकटून राहतो, मग तो हात रात्री बॉल शोधायला आलेल्या शेजारच्या पोराचा का असेना. कुणी अशी तार लावली असेल तर मेन स्विच बंद करून ती आजच काढा.