वर्गातल्या व्हिडिओला कॅप्शन कशाला? कशाला ते सांगतो

शिक्षकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हमखास वाचायला मिळणारं मत असं: वर्गात कर्णबधिर मूल नसेल तर व्हिडिओला कॅप्शन, म्हणजे बोलणं पडद्यावर लिहून दाखवणाऱ्या ओळी, लागत नाहीत, ती वाचताना मुलांचं लक्ष उडतं, लागलीच तर यूट्यूब आपोआप देतं, बाकी सगळा वेळेचा अपव्यय. मला यातलं काहीच पटत नाही.

कर्णबधिर मूल नाही हे ठरवलं कुणी? एका कानाने कमी ऐकू येणारं किंवा सर्दीने कानाला दडे बसलेलं मूल हजेरीपटावर वेगळं दिसत नाही. घरी कोरकू किंवा गोंडी बोलणाऱ्या मुलाला अनोळखी मराठी शब्द ऐकतानाच लिहिलेला दिसला, तर तो वहीत नीट उतरतो. पत्र्यावर पाऊस कोसळत असेल तर अख्ख्या वर्गालाच कॅप्शन हवी असतात.

लक्ष उडतं, हेही खरं नाही. कॅप्शनमुळे आकलन, लक्ष आणि स्मरण सुधारतं असं दाखवणारे शंभराहून अधिक अभ्यास अमेरिकी मानसशास्त्रज्ञ मॉर्टन अ‍ॅन गर्न्सबाकर यांनी २०१५ मध्ये एकत्र मांडले. आपल्याकडे तर १९९६ मध्येच आयआयएम अहमदाबादमध्ये ब्रिज कोठारींनी हिंदी गाण्याखाली हिंदीच ओळी देण्याची कल्पना मांडली. पुढे दूरदर्शनच्या ‘चित्रहार’, ‘रंगोली’मध्ये ती आली. गाणं ऐकता ऐकता वाचनाचा सराव व्हावा, हा हेतू. आकृतीचा खालचा भाग ओळींखाली झाकला जातो, ही तक्रार मात्र रास्त आहे. तिथे कॅप्शन वर सरकवावीत.

‘आपोआप’वरचा भरवसा मला सगळ्यात घातक वाटतो. यूट्यूबवर ही सोय २००९ मध्ये आली. ती घडवणारे केन हॅरेनस्टिन स्वतः कर्णबधिर. पण यंत्राची ओळ हा कच्चा खर्डा असतो. बाई म्हणाल्या ‘अपवर्तन’ आणि पडद्यावर उमटलं ‘परावर्तन’, तर पाण्यात शिरताना वळणारा किरण आरशावरून परत फिरतो! ऐकणारं मूल चूक ओळखेल. फक्त वाचणारं मूल चुकीचं विज्ञान पाठ करेल. ज्याच्यासाठी सोय केली, फसवणूक त्याचीच.

सांकेतिक भाषा हीच ज्यांची पहिली भाषा, त्यांना कॅप्शन पुरत नाहीत, दुभाषा लागतोच. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याचं कलम ४२ इलेक्ट्रॉनिक माध्यमांसाठी या दोन्ही सोयींचं नाव घेतं.

राहिला वेळ. कॅप्शन ज्यात साठवतात ती एसआरटी फाइल साध्या नोटपॅडमध्ये उघडते: क्रमांक, वेळ, ओळ. पारिभाषिक शब्द आणि आकडे आधी तपासा. सेव्ह करताना ‘एन्कोडिंग’मध्ये यूटीएफ-८ निवडा, नाहीतर देवनागरीच्या जागी प्रश्नचिन्हं येतात. पुढच्या वर्षी तोच व्हिडिओ दाखवताना हीच फाइल चालते.