आई-अण्णांची मुंबई

परळच्या हॉस्पिटलचा रस्ता माझ्या आईला तोंडपाठ आहे. मावशीच्या आजारपणात ती दोन वर्षं लातूरहून येत-जात होती. औषधांची दुकानं कुठं, फुटपाथवर सावली कुठल्या बाजूला, स्वस्तात राइसप्लेट कुठं मिळते, सगळं तिला माहीत. अण्णा दोनदा आले ते मंत्रालयात कागद पोचवायला. माझ्या बाळंतपणात आई डोंबिवलीला दोन महिने होती. पण गेटवे ऑफ इंडिया दोघांनीही फक्त कॅलेंडरवर पाहिलेलं. आपल्याकडच्या किती घरांत हेच असेल! मुंबईला जायचं ते दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, नोकरीच्या मुलाखतीसाठी. नुसतं बघायला कुणी जात नाही.

यंदा जानेवारीत ती दोघं नुसती बघायला आली. दोघंच. लग्नाला 38 वर्षं झाली, तरी दोघांनीच मिळून असा प्रवास कधी केलेला नव्हता. पंढरपूर, तुळजापूर झालं ते भावकीबरोबर. तिरुपती झालं ते गावच्या ट्रॅव्हल्सने, तिथंही बायका पुढं आणि पुरुष मागं. म्हणून आखणी करायला बसले तेव्हा मी एकच गोष्ट धरून ठेवली: मुंबई कमी बघून झाली तरी चालेल, पण ती दोघांनी एकत्र बघितली पाहिजे. पुढचं सगळं त्यातूनच ठरत गेलं, आणि काही निर्णयांवरून घरात वादही झाले.

पहिला वाद राहण्याचा. मी फोर्टमध्ये, सीएसएमटीहून चालत दहा मिनिटांवर, लॉज बुक केला. लगेच आत्याचा फोन: "लेकीचं घर असताना आईबापाला लॉजवर ठेवतेस?" तिचा राग मला समजतो. पण डोंबिवलीहून सीएसएमटीला लोकलने जायला सव्वा तास, यायला सव्वा तास. सकाळी त्या गर्दीत आई एका डब्यात, अण्णा दुसऱ्या डब्यात, आणि उतरेपर्यंत दोघांनाही एकच काळजी, आपलं माणूस उतरलं का. साठीच्या पुढच्या माणसांची दिवसभराची ताकद त्यातच जाते. मग ती मुंबई बघतील कधी? माझं स्पष्ट मत आहे, पहिल्यांदा येणाऱ्यांनी जे बघायचं त्याच्या जवळच राहावं, मग मुलगा ठाण्यात असो नाहीतर वसईत. मुलांना भेटायला एक वेगळा दिवस ठेवावा. आम्ही चौथा दिवस तसा ठेवला.

दुसरा वाद मुंबई दर्शनाच्या बसचा. भाऊ म्हणाला, दीड दिवसात सगळं होतं. तीन वर्षांपूर्वी काका-काकूंना मी अशाच एका बसमध्ये बसवलं होतं आणि त्याचं मला आजही वाईट वाटतं. दिवसभरात चौदा ठिकाणं. त्यातली निम्मी खिडकीतून: हा अमक्या नटाचा बंगला, तो तमक्याचा. म्युझियमला चाळीस मिनिटं. रात्री काकूंचे पाय सुजले होते. काय काय बघितलं विचारलं तर म्हणाल्या, "लई बघितलं गं, आठवंना." त्याच दिवशी मी ठरवलं होतं की आई-अण्णांना असं फिरवायचं नाही.

लातूरची गाडी रात्री निघून सकाळी थेट सीएसएमटीला येते, ही आपल्याकडच्या लोकांसाठी मोठी सोय आहे. रिझर्व्हेशन 60 दिवस आधी उघडतं. ज्येष्ठांची भाड्यातली सवलत 2020 पासून बंद आहे, पण खालच्या बर्थचा कोटा आहे: पुरुष 60 च्या पुढचे, बायका 45 च्या पुढच्या. तिकीट काढताना तो निवडावा लागतो. गाडीतून उतरलं की पहिलं प्रेक्षणीय स्थळ म्हणजे ते स्टेशनच. फ्रेडरिक स्टीव्हन्सने आराखडा केलेलं, 1878 ला सुरू होऊन दहाएक वर्षं चाललेलं काम. आपण लोक तिथून पळत बाहेर पडतो. मी अण्णांना सांगून ठेवलं होतं, बॅगा लॉजवर टाका, चहा प्या आणि परत येऊन रस्त्याच्या पलीकडून वर बघा. दगडात मोर, माकडं, पानं, माणसांचे चेहरे कोरलेले आहेत. आईने तिथं अर्धा तास काढला. (लॉजची खोली बहुतेक दुपारी बारानंतर मिळते. सकाळी बॅगा ठेवून घेतील का, हे आधी फोन करून विचारा.)

पहिल्या दिवशी एवढंच, आणि तिथून हुतात्मा चौकापर्यंत रमतगमत चालणं. मशाल धरलेल्या शेतकरी-कामगारासमोर अण्णांनी टोपी काढली. संयुक्त महाराष्ट्राचे 106 हुतात्मे त्यांच्या पिढीला शाळेतल्या धड्यातून माहीत, पण जागा आत्ता दिसली. दुपारी झोप. संध्याकाळी ओव्हल मैदानाच्या कडेने मरीन ड्राइव्ह. हे मैदान मला फार आवडतं. एका हाताला हायकोर्ट आणि राजाबाई टॉवर, दुसऱ्या हाताला 1930 च्या आसपासच्या गोलसर गच्च्यांच्या इमारती, आणि मधे पोरं क्रिकेट खेळतायत. या दोन्ही बाजूंना मिळून 2018 साली जागतिक वारसा म्हणून मान मिळाला. टॉवर प्रेमचंद रायचंद यांच्या पैशातून उभा राहिला आणि त्याला त्यांच्या आईचं नाव आहे, एवढं सांगितल्यावर आई म्हणाली, "पोरानं नाव काढलं म्हणायचं."

दुसरा अख्खा दिवस घारापुरीला. इथं मी कुणाचंही ऐकलं नाही. सोमवारी लेणी बंद असतात आणि शनिवार-रविवारी गर्दी, म्हणून बुधवार धरला. गेटवेहून सकाळची लाँच, तासाभराचं पाणी. थोडे जास्त पैसे दिले की वरच्या मजल्यावर बसता येतं. लाइफ जॅकेट घालूनच बसायचं, लाज बाळगायची नाही. बेटावर वर जायला सव्वाशेच्या आसपास पायऱ्या आहेत, गुडघे दुखत असतील तर डोली मिळते. आई थांबत थांबत चढली. दर वीस पायऱ्यांवर अण्णा तिच्यासाठी थांबत होते, हे तिनेच मला नंतर फोनवर सांगितलं. दोनदा सांगितलं.

वीस फुटांची ती त्रिमूर्ती बघायला सगळे जातात आणि तिथूनच परततात. पण नवरा-बायको म्हणून जाणाऱ्यांनी बाकीच्या भिंती सोडू नयेत. एका ठिकाणी शंकर-पार्वती सारीपाट खेळतायत. एका ठिकाणी रावण कैलास हलवतोय. आणि एका ठिकाणी त्यांचं लग्न कोरलंय. मूर्ती बऱ्याच फुटल्यात, तरी पार्वतीची खाली गेलेली मान दिसते. आई ती भिंत बघत उभी राहिली आणि अण्णांना म्हणाली, "ती उजव्या हाताला उभी हाय. म्हणजे अजून लागायचंय लग्न." कुठल्या गाइडने हे तिला सांगितलं नव्हतं. शेकडो लग्नांत मांडवात उभं राहून तिला जे कळलं होतं ते तिने त्या दगडात ओळखलं. म्हणूनच मी सोबत गेले नाही. मी असते तर सनावळ्या सांगत बसले असते, आणि ती गप्प ऐकत राहिली असती.

सोबत न जाण्यावरूनही बोलणी खाल्ली. "म्हातारी माणसं हरवली तर?" ज्यांनी उभं आयुष्य मार्केट यार्डात माल घातला, पोरींची लग्नं केली, बहिणीला घेऊन परळ गाठलं, ती फोर्टात हरवतील? अण्णांच्या खिशात मी एक कागद दिला होता, त्यावर लॉजचा पत्ता, माझा नंबर आणि आधारची झेरॉक्स. दिवसातून एक फोन, तोही त्यांनी करायचा. मला फार जड गेलं, पण पाळलं.

तिसऱ्या दिवशी सिद्धिविनायक. मंगळवार टाळायचाच होता, तो आपोआप टळला. जायला-यायला नवी भुयारी मेट्रो. ती ऑक्टोबर 2025 मध्ये कफ परेडपर्यंत सुरू झाली आणि सीएसएमटीहून थेट सिद्धिविनायकापर्यंत नेते. डब्यात दोघांना शेजारी-शेजारी बसता येतं. दुपारनंतर शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाला जायचं होतं, पण दोघांनी ते रद्द केलं आणि धोबी तलावच्या इराण्याच्या हॉटेलात ब्रून मस्का, म्हणजे कडक पाव आणि लोणी, खात बसले. राणीची बाग, हाजी अली, म्हातारीचा बूट, काहीच झालं नाही. भावाने यादी काढून विचारलं तेव्हा अण्णा म्हणाले, "ते कुठं पळून चाललंय?"

आता मरीन ड्राइव्हचं सांगते. आमच्या लातूरला 2016 च्या एप्रिलमध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आलं होतं. टँकरला नंबर लावून घागरी भरलेली ही माणसं. पाणी आपण होऊन वर येतं आणि आपण होऊन खाली जातं, हे त्यांनी फक्त ऐकलेलं. पहिल्या संध्याकाळी कट्ट्यावर बसून त्यांनी भरती चढताना पाहिली. दुसऱ्या दिवशी घारापुरीहून थकून आली होती, मी म्हटलं आता पडा. तरी परत तिथंच जाऊन बसली. साडेसातला अण्णांचा फोन आला.

"काल ह्या टायमाला त्या तिकोनी दगडाला पाणी लागलं होतं. आज अजून खालीच हाय. असं का?"

मी सांगितलं, भरती रोज पन्नासेक मिनिटं उशिरा येते. तेवढ्यात मागून आईने काहीतरी विचारलं, त्यांनी तिला ते समजावून सांगितलं.

"मग थांबतोत," ते म्हणाले. "लागंपर्यंत बसतोत. तू जेवून घे."